गवताच्या डोंगरावर दोघी

गवताळ डोंगरावर दोघांनी मिळून दिवसभर चालायचे असेल, तर पहिल्या अर्ध्या तासात दोघांचा वेग जुळला पाहिजे, असे माझे पुष्कळ वर्षांच्या चालण्यावरून झालेले मत आहे. तो जुळला की पुढच्या दिवसाची काळजी उरत नाही, आणि तो जुळला नाही तर एकाच पायवाटेवरून दोन माणसे दोन वेगवेगळे दिवस चालत राहतात. उंच कड्यांच्या, खडकाळ डोंगरांवर ही गोष्ट इतकी जाणवत नाही, कारण तेथे पुढचा हात कोठे धरावा आणि पाऊल कोठे टाकावे यातच सारे लक्ष गुंतलेले असते आणि सोबती हा मुख्यतः सुरक्षिततेचा आधार असतो. बसक्या, गोलसर, गवताने झाकलेल्या डोंगराला मात्र आपल्या कौशल्याची फारशी गरज नसते. पाय आपले काम करत राहतात, मन मोकळे राहते, आणि त्या मोकळ्या मनात सोबतीच्या माणसाला जागा मिळते. म्हणूनच असे डोंगर एकटीने चालण्यापेक्षा कुणाबरोबर तरी चालावेत असे मला वाटते, आणि माझ्या बाबतीत हे कुणीतरी म्हणजे माझी एक जुनी मैत्रीण आहे.

आमचा दिवस आदल्या संध्याकाळी नकाशावर सुरू होतो. डोंगरात किती वेळ लागेल याचा अंदाज बांधण्यासाठी स्कॉटलंडमधील गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली एक साधा नियम सांगितला होता: दर तीन मैलांना एक तास धरावा आणि दर दोन हजार फूट चढाईसाठी आणखी एक तास जोडावा. मीटरच्या हिशोबात हे ढोबळमानाने ताशी पाच किलोमीटर आणि सहाशे मीटर चढाईला एक जादा तास असे होते. बारा किलोमीटरची वाट आणि तीत एकूण पाचशे मीटरची चढण असेल, तर या नियमाप्रमाणे सव्वातीन तासांत ती संपली पाहिजे. नियम चांगलाच आहे, आणि अंधार पडण्यापूर्वी खाली उतरण्याची खात्री करून घेण्यासाठी आम्हीही तो वापरतो. पण त्यात थांबणे धरलेले नाही, आणि आमच्या दिवसाचा मोठा भाग थांबण्याचाच असतो. सव्वातीन तासांच्या वाटेला आम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा वेळ देतो. उरलेल्या तासांत काय होते, असे कुणी विचारले तर त्याचे उत्तर मला एका वाक्यात देता येत नाही. हा लेख बराचसा त्या तासांविषयीच आहे.

चढण लागली की शरीराचा हिशोब लगेच बदलतो. शंभर मीटर अंतरात दहा मीटर उंची वाढवणाऱ्या उतारावर तेवढेच अंतर चालण्यासाठी सपाटीच्या तुलनेत दुप्पट किंवा त्याहूनही अधिक शक्ती खर्च होते. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण असा उतार डोळ्यांना अगदीच सौम्य दिसतो आणि सौम्य दिसतो म्हणूनच माणसे तो सपाटीच्या वेगाने चढू पाहतात. मैत्रीण माझ्यापेक्षा चढणीला हळू आहे. सुरुवातीच्या काळात ती दम लागला तरी सांगत नसे, आणि मी मागे वळून पाहिले की पाण्याची बाटली काढण्याचे निमित्त करून उभी राहत असे. पुढे आमच्यात एक अलिखित नियम झाला, आणि तो व्यायामाच्या शास्त्रालाही धरून आहे: जोपर्यंत आपण पूर्ण वाक्ये बोलू शकतो तोपर्यंत श्रम मध्यम प्रमाणात आहेत, आणि दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर ते मर्यादेच्या बाहेर चालले आहेत असे समजावे. आम्ही तिच्या वाक्यांवरून वेग ठरवतो. तिची वाक्ये तुटू लागली की मी काही न बोलता पावले लहान करते. उतरताना हाच नियम उलटा होतो, कारण माझे गुडघे तिच्याइतके चांगले नाहीत आणि तेव्हा तिला माझ्यासाठी थांबावे लागते. जो हळू आहे त्याचा वेग हाच दोघांचा वेग, एवढे एकदा मान्य केले की कुणाला थांबवल्याचा संकोच राहत नाही आणि कुणासाठी थांबल्याचा उपकारही राहत नाही.

शेजारीशेजारी चालणाऱ्या दोन माणसांची पावले कितीतरी वेळा आपोआप एका तालात पडतात. हात धरलेला असेल तर अधिकच. अभ्यासकांनी हे मोजून पाहिले आहे. गवताच्या रुंद पाठीवर, जेथे पायवाट हवीच असे नाही, तेथे हा ताल मलाही जाणवतो. कुणी तो मुद्दाम धरत नाही, आणि लक्षात आला की बहुधा सुटतो. पण डोंगराची सोंड अरुंद होऊ लागली की एकामागे एक चालावे लागते, आणि तेव्हा बोलण्याची सारी रीत बदलून जाते. पुढे चालणाऱ्या माणसाचा आवाज पुढेच निघून जातो, मागच्याला तो नीट पोचत नाही. मागच्याचे बोलणे मात्र पुढच्याच्या पाठीवर येऊन पोचते. त्यामुळे ज्याला सांगायचे आहे त्याने मागे राहावे आणि ज्याने ऐकायचे आहे त्याने पुढे व्हावे, ही व्यवस्था आमच्यात कधी न ठरवता रुळली आहे. मैत्रीण एखाद्या वळणावर बाजूला होऊन म्हणते, “अगं, तू हो पुढे,” तेव्हा तिला काहीतरी सांगायचे आहे हे मला कळते.

तिच्या घरात दीर्घ आजारपण चालू होते त्या काळातील एक दिवस मला विशेष आठवतो. त्या दिवशी आम्ही जवळजवळ सारी धार एकामागे एक चाललो आणि ती माझ्या मागून बोलत राहिली. समोरासमोर बसून तिने ते कधी सांगितले नसते, कारण ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर उमटणारी काळजी पाहिली की सांगणारा आपले दुःख आवरते घेतो. माझा चेहरा तिला दिसत नव्हता आणि तिचा मला. मध्येच ती बराच वेळ गप्प झाली, तेव्हा मागे वळून पाहावेसे मला फार वाटले, पण मी वळले नाही. तिच्या पावलांचा आवाज गवतात येत होता आणि ती चालते आहे एवढे त्यावरून समजत होते. सल्ला द्यावा असे त्यात काही नव्हते. चढ आला की तिचे बोलणे थांबे, सपाटी आली की पुन्हा सुरू होई, आणि त्या थांबण्यासाठी तिला काही कारण द्यावे लागत नसे, कारण चढावर कुणीही गप्पच होते. दुःखाबद्दल बोलताना ज्या विरामांची गरज असते ते विराम डोंगर स्वतःच पुरवतो, हे मी त्या दिवशी प्रथम अनुभवले.

उतारावरून आडवे चालताना पायांखाली अरुंद पायऱ्यांसारख्या ओळी लागतात. समान उंचीवरून डोंगराला वळसा घालत गेलेल्या या ओळी पाहून कुणीही म्हणेल की त्या गुरांनी आणि मेंढ्यांनी पाडल्या असाव्यात. ते बरेचसे खरे आहे, पण पूर्ण खरे आहे की नाही यावर अभ्यासकांचे एकमत नाही. तीव्र उतारावरील माती स्वतःच सावकाश खाली सरकत असते आणि तिच्या सरकण्याचाही या पायऱ्यांच्या घडणीत वाटा असतो. चार्ल्स डार्विनने १८८१ साली प्रसिद्ध झालेल्या गांडुळांवरील ग्रंथात गवताळ उतारांवरील या पायऱ्यांचा विचार केलेला आहे. गांडुळांनी जमिनीतून वर आणून टाकलेली माती पावसाने आणि वाऱ्याने उताराच्या दिशेने किती सरकते, हे त्याने मोजण्याचा प्रयत्न केला होता. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, एवढी मोठी कीर्ती मिळवलेल्या माणसाने गवतातल्या मातीच्या गोळ्यांचे घरंगळणे मोजत बसावे, याचे मला अतोनात कौतुक वाटते. असल्या डोंगरांकडे पाहण्याची हीच योग्य वृत्ती आहे. त्यांच्यात जे काही घडते ते लहान असते आणि सावकाश घडते, म्हणून पाहणाऱ्यानेही सावकाशच असावे लागते.

मातीच्या या सरकण्यातच गवताळ डोंगरांच्या गोल माथ्यांचे कारण आहे. अमेरिकन भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १९०९ साली ते फार स्वच्छपणे मांडले. अगदी माथ्याजवळ फारच थोडी माती खाली जायची असते. जसजसे खाली यावे तसतशी वरच्या साऱ्या भागाची माती त्या त्या जागेवरून पुढे जावी लागते, आणि अधिक माती पुढे सरकण्यासाठी उतारही अधिक असावा लागतो. म्हणून डोंगर माथ्याशी जवळजवळ सपाट असतो आणि खाली येताना क्रमाक्रमाने तीव्र होत जातो. नकाशावर हीच गोष्ट समोच्च रेषांत, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांत, दिसते: पायथ्याकडे त्या दाट असतात आणि माथ्याकडे विरळ होत जातात. चार्ल्स हटन या गणितज्ञाने अशा रेषांचा आरंभीच्या काळात केलेला उपयोगही एका डोंगराशीच निगडित आहे. १७७४ साली स्कॉटलंडमधील शिहॅलियन या डोंगराच्या आकर्षणाने ओळंबा किती ढळतो हे नेव्हिल मॅस्केलाइन यांनी मोजले, आणि त्यावरून पृथ्वीची घनता काढण्याचे अवाढव्य गणित हटनकडे आले. तेव्हा डोंगराचे आकारमान समजून घेण्यासाठी त्याने समान उंचीचे बिंदू रेषांनी जोडले.

हे सारे वाचलेले असूनही चढताना मात्र गोल डोंगर दर वेळी आपली आशा वाढवतो आणि ती पुढे ढकलतो. समोर आकाशाला टेकलेली गवताची कड दिसते, तोच माथा असे वाटते, आणि तेथे पोचल्यावर तेवढ्याच अंतरावर दुसरी कड दिसू लागते. पायथ्याच्या तीव्र उतारावरून माथा दिसणे शक्यच नसते, कारण मधला फुगवटा त्याला झाकून टाकतो. एकटीने चालताना या फसव्या माथ्यांनी मी कंटाळते. मैत्रीण बरोबर असते तेव्हा असे होत नाही, आणि त्याचे कारण बहुधा असे आहे की तिला माथ्याची घाईच नसते. प्रत्येक कडेवर ती थांबते, आलेल्या वाटेकडे तोंड करून उभी राहते आणि आता नव्याने काय दिसू लागले ते सांगते. खालून न दिसलेला एखादा ओढा, पलीकडच्या डोंगराची मागची बाजू, ढगांच्या सावल्या कोणत्या दिशेने चालल्या आहेत. तिच्या दृष्टीने यातली एकही कड खोटी नसते. आमच्यात मतभेद होतो तो येथेच, कारण वर पोचल्यावर सारे एकदम पाहावे असे मला वाटते, आणि प्रत्येक उंचीवरून दिसणारे त्या उंचीवरच पाहून घ्यावे असे तिला वाटते. अलीकडे मला तिचे पटू लागले आहे.

उंचीमुळे दृष्टीचा पल्ला कसा वाढतो याचे गणित या बाबतीत तिच्या बाजूचे आहे. सपाट मैदानावर उभ्या असलेल्या माणसाचे क्षितिज सुमारे साडेचार किलोमीटरवर असते. मैदानापेक्षा शंभर मीटर उंच गेले की ते सुमारे छत्तीस किलोमीटरवर जाते, आणि तीनशे मीटर उंच गेले की बासष्ट किलोमीटरच्या आसपास. अर्थात हवा स्वच्छ असेल आणि मध्ये दुसरा डोंगर आड येत नसेल तर. म्हणजे पहिल्या शंभर मीटरमध्येच निम्म्याहून अधिक पल्ला हाती येतो. अशा डोंगराला लहान म्हणून वगळणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून पाहावा. डोंगराची थोरवी त्याच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत मोजण्याऐवजी तो आपल्या भोवतालापासून किती उठावला आहे यात मोजावी, हा विचार चालणाऱ्यांमध्ये रुजला आहे ते चांगले झाले. ब्रिटनमध्ये १९९२ साली ॲलन डॉसन यांनी किमान दीडशे मीटर उठाव असलेल्या सर्व डोंगरांची यादी केली, आणि त्यामुळे पुष्कळ बुटक्या डोंगरांना त्यांचे योग्य स्थान मिळाले.

माथ्यावर आम्ही फार वेळ बसत नाही, आणि त्याचे कारण वारा. गोल, गुळगुळीत डोंगरावरून जाताना वारा दाटतो आणि माथ्याशी त्याचा वेग वाढतो. हे मोजण्यासाठी १९८२ आणि १९८३ साली स्कॉटलंडच्या साउथ उइस्ट बेटावरील ॲस्करव्हेन नावाच्या टेकडीवर मोठा प्रयोग झाला होता. ही टेकडी भोवतालापेक्षा जेमतेम ११६ मीटर उंच, पण तिच्या माथ्यावरील वारा समोरून सपाटीवरून येणाऱ्या वाऱ्याच्या पावणेदोन पटींहून अधिक वेगाचा आढळला. त्यात हवा दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होत असल्याने छोट्या डोंगरावरही दोनेक अंशांचा फरक पडतोच, आणि घामाने भिजलेल्या पाठीला तो पुरेसा असतो. म्हणून शिदोरी सोडायची ती माथ्यापासून पन्नास-साठ पावले खाली, वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला. तेथे वारा डोक्यावरून जात असतो आणि गवत मात्र स्थिर असते.

या बैठकीत आम्ही गवताकडे पाहतो, आणि जितके पाहावे तितके ते समजण्यास अवघड होत जाते. गवताच्या कुळात अकरा हजारांहून अधिक जाती आहेत. गहू, भात, मका ही सारी त्यातलीच. बहुतेक झाडाझुडपांची वाढ शेंड्याकडून होते, म्हणून शेंडा खुडला की वाढ खुंटते किंवा फांद्यांतून वळण घेते. गवताच्या पात्याची वाढ मात्र बुडाशी होते, त्यामुळे जनावराने वरचा भाग खाल्ला तरी पाते खालून पुन्हा वर येत राहते. वाऱ्याने किंवा पावलाने आडवा पडलेला त्याचा कोवळा दांडा आपल्या पेरांपाशी वाकून पुन्हा वरच्या दिशेने वळू शकतो. आपण बसलो होतो त्या जागी उठल्यावर जो दबलेला आकार दिसतो तो थोड्या दिवसांत नाहीसा होणार, हे माहीत असणे मला बरे वाटते.

पण गवताच्या या सोशिकपणाला मर्यादा आहे, आणि डोंगर चालणाऱ्यांनी ती लक्षात ठेवलीच पाहिजे असे मला कळकळीने वाटते. त्याच जागेवरून पुन्हापुन्हा पावले पडली की माती घट्ट दाबली जाते, तिच्यात पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही, आणि गवत जाऊन उघडी मातीची रेघ उरते. ती रेघ सरळ उताराच्या दिशेने असेल तर पावसाचे पाणी तीच वाट धरते, आणि काही पावसाळ्यांत पायवाटेची घळ होते. वळणे घेत गेलेली जुनी वाट सोडून माणसे सरळ खाली धावत जातात, तेव्हा वाचतात ती फार तर काही मिनिटे. ज्याच्यापाशी सारा दिवस आहे त्याने ही मिनिटे वाचवू नयेत. जेथे वाट आहे तेथे वाटेवरूनच चालावे, आणि जेथे वाट नाही तेथे दोघांनी एकमेकांच्या पावलांवर पाऊल टाकण्याऐवजी थोडे अंतर ठेवून चालावे, म्हणजे नवी वाट पडत नाही. आम्ही गवतावर शेजारीशेजारी चालतो त्याला हेही एक कारण आहे.

दुपार कलली की डोंगर वेगळा दिसू लागतो. भर दुपारी एकसारखा हिरवा-पिवळा वाटणारा उतार तिरप्या उन्हात उठून येतो. प्रत्येक घडीला, प्रत्येक जुन्या बांधाला आपली सावली मिळते. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आकाशातून छायाचित्रे घेऊन जुन्या वस्त्यांचा आणि शेतांचा शोध घेतला, त्यात याच लांब सावल्यांचा मोठा उपयोग झाला. जमिनीवरून पाहणाऱ्यालाही त्या पुष्कळ काही दाखवतात. समोरच्या उतारावर कधीकाळी कुणीतरी शेत केले असावे अशा समांतर रेषा मैत्रिणीला एकदा अशाच उन्हात दिसल्या, आणि मग आम्ही बराच वेळ तेथे राहणाऱ्यांनी पाणी कोठून आणले असेल यावर बोलत बसलो. हे संभाषण कोणत्याही निष्कर्षाला पोचले नाही. तरी त्या दिवसातले सर्वांत सुखाचे बोलणे तेच होते असे मला अजून वाटते, कारण त्यात आम्हा दोघींच्या आयुष्यातले काहीच नव्हते.

उतरणीविषयी एक गैरसमज आहे की ती सोपी असते. शक्तीच्या दृष्टीने पाहिले तर शंभरात दहा मीटर उतरणारी वाट सपाटीपेक्षाही कमी खर्चाची आहे, आणि भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टोबलर यांनी १९९३ साली मांडलेल्या सूत्राप्रमाणे माणूस सर्वांत वेगाने चालतो तो अगदी सौम्य उतरणीवरच. पण उतार याहून तीव्र झाला की मांडीच्या पुढच्या स्नायूंना प्रत्येक पावलागणिक शरीराचे वजन रोखून धरावे लागते. तसे करताना ते आखडत असतानाच ताणलेही जातात, आणि त्यातून होणारी दुखापत सूक्ष्म असली तरी ती नंतर जाणवते. त्यावेळी काही कळत नाही. कोरडे गवत बुटाखाली निसरते म्हणून पावले लहान ठेवावी, गुडघे किंचित वाकलेले असावेत आणि वाट नागमोडी घ्यावी, एवढे पथ्य मी पाळते, आणि मैत्रीण माझ्या खालच्या अंगाला दोन पावले पुढे राहून चालते. तिने असे का चालावे हे मी तिला कधी विचारले नाही.

पायमोज्यांत रुतलेली कुसळे काढायला खाली आल्यावर बराच वेळ लागतो, आणि तेव्हा दोघीही फारसे बोलत नाही. स्नायूंचे हे दुखणे एक ते तीन दिवसांत वाढून मग ओसरते, त्यामुळे तिचा फोन बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी येतो. मांड्या कशा आहेत, जिना उतरता येतो का, हे ती आधी विचारते. मग नकाशा समोरच उघडून बसलेली असल्यासारखी, त्याच डोंगराच्या उत्तरेकडच्या सोंडेवरून एक लांबची पण सौम्य वाट जाते, रेषा बऱ्याच विरळ आहेत, तेथून उतरताना तुझ्या गुडघ्यांना त्रास होणार नाही, असे सांगू लागते.